जनावर गेल्यावर शोक करावा काय?

शेतकी मासिकात पीकपाणी, खते, बी-बियाणे व बाजारभाव हेच विषय मुख्यत्वे यावेत हे योग्यच आहे. त्या पानांवर कोणी आपल्या घरच्या दुःखाची कहाणी मांडू लागला, तर वाचकांच्या कपाळास आठ्या पडणे स्वाभाविक होय. तथापि ज्या दुःखापासून शेतकऱ्यास काही शिकावयाचे आहे, आणि जे दुःख शेतकऱ्याखेरीज इतरांस सहसा नीट कळत नाही, त्याला येथे थोडी जागा मागण्यात आम्ही मर्यादा सोडीत आहो असे आम्हांस वाटत नाही. गेल्या पौष महिन्यात आमची घोडी एका रात्रीत पोटशूळाने मेली. ती कशाने मेली, तिच्या मरणात आमचा दोष किती होता, आणि अशा मरणाचा शोक करावा की करू नये, या तीन गोष्टींविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. मराठी शाळेतील शिक्षण, सुवाच्य अक्षर आणि हिशेब दोनदा तपासण्याची सवय एवढ्या भांडवलावर नोकरी पार पडली. तिचा बराच काळ नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाला गेला. त्या डोंगरात पाडे दूरदूर वसलेले. कित्येकांस त्या वेळी गाडीरस्ता नव्हता. धान्याची पोती असोत की आजारी माणूस असो, घोड्याच्या पाठीवाचून गत्यंतर नसे. सबब पंधरा वर्षांपूर्वी आम्ही सारंगखेड्यास गेलो. तेथे तापीच्या काठी दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. दात पाहून चार वर्षांची ठरलेली एक घोडी पसंत केली. रंग कुमाईत, चारी पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा. विकणाऱ्याने ती पंचकल्याणी म्हणून शुभलक्षणे मोजून दाखविली, आणि त्या लक्षणांचे दामही वेगळे लावले. तापीकाठी मिळाली म्हणून घरच्या मंडळींनी तिचे नाव तापी ठेविले.

तिच्या गुणांचे वर्णन करीत बसत नाही. आपल्या जनावराचे गुण सर्वांसच मोठे वाटतात. एकच गोष्ट सांगतो. वसुलीच्या व पाहणीच्या दिवसांत आम्ही ज्या ज्या ठिकाणी थांबत असू, ती ठिकाणे तिने कायमची ध्यानात धरिली होती. निवृत्त होऊन गावी आल्यावर आठवड्याच्या बाजारास निघालो म्हणजे वाटेतील चावडीपुढे ती आपोआप उभी राही, आणि आम्ही उतरत नाही असे पाहून मान वळवून आमच्याकडे बघे. आमची नोकरी संपली हे तीस कोणी कळविले नव्हते. चावडीतील मंडळी हसत, आम्हीही हसत असू. आता त्या चावडीवरून जाताना पाय आपोआप थबकतात ते आमचे.

आता त्या दिवसाची हकीकत. मळणी केलेला मका अंगणात वाळत घातला होता. दुपारी घरात कोणी नसताना तापीने दावे सोडविले व त्या मक्यात तोंड घातले. तिसऱ्या प्रहरी आम्ही परत आलो तो ढिगास मोठा खळगा पडलेला दिसला. आम्ही तीस बांधिली, थोडे रागावलो, आणि 'आज हिची चंगळ झाली' असे म्हणून हसलो. आमच्या सर्व चुकांतील पहिली व सर्वांत मोठी चूक ती हीच. त्या घटकेस आम्ही हसावयास नको होते. डॉक्टरांस बोलवावयास हवे होते.

दिवेलागणीनंतर ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. वारंवार मान वळवून आपल्या कुशीकडे पाही. बसे, उठे, पुन्हा बसे. रात्री दहाच्या सुमारास अंगास घाम सुटला व ती लोळू लागली. शेजारची मंडळी जमली. प्रत्येकाने आपापला उपाय सांगितला, आणि आम्ही बहुतेक सगळे केले. ताकात हिंग-ओवा कालवून पाजला. नंतर गोडे तेल वेळूच्या नळकांड्याने घशात ओतले. तेल ओतताना ती दोनदा जोराने खोकली, ते आम्ही पाहिले. पण त्याचा अर्थ आम्हांस कळला नाही. डॉक्टरांस दूरध्वनी करावा असे कुटुंबाने दोन वेळा सुचविले. 'एवढ्या रात्री त्यांस कशाला उठवावे, पहाटे पाहू' असे आम्हीच उत्तर दिले. जन्मभर साहेबलोकांस अवेळी त्रास न देण्याची जी सवय जडली होती, ती त्या रात्री आडवी आली.

पहाटे तीनच्या सुमारास तिची तळमळ एकाएकी थांबली. ती उभी राहिली, मान खाली घालून शांत झाली. जमलेल्या मंडळींनी सुटकेचा श्वास टाकिला. तेल लागू पडले असे कोणी म्हणाले, कोणी कुलदैवतास हात जोडिले. आम्हीही आत जाऊन घटकाभर पडलो. उजाडता बाहेर येऊन पाहतो तो तिचे अंग थंड घामाने भिजलेले, पाय थरथरणारे, आणि हिरड्या जांभळ्या पडलेल्या. सूर्य वर येण्यापूर्वी ती आडवी झाली, ती पुन्हा उठली नाही.

डॉक्टर आठ वाजता आले. त्यांनी शवविच्छेदन करू का म्हणून विचारिले. घरात कोणाचीच इच्छा नव्हती. पण कागदावर कारण लिहिल्यावाचून प्रकरण बंद न करण्याची आमची सवय येथे तरी उपयोगी पडली, व आम्ही होकार दिला. जठर फाटलेले निघाले. फुगलेला मका पोटाच्या पोकळीत सांडला होता. श्वासनलिकेत तेलाचे थेंबही सापडले. मग डॉक्टरांनी जे सांगितले ते आम्ही वाचकांपुढे मुद्दाम विस्ताराने ठेवितो.

घोड्यास ओकता येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूचा वेढा इतका घट्ट असतो की आत गेलेले अन्न वा वायू उलट फिरून बाहेर येत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने घोड्याचे जठर फार लहान, साधारण ८ ते १५ लिटर मावेल एवढेच. गाई-बैलांचे मोठे पोट शंभर लिटरांहूनही अधिक धरिते. त्यामुळे कोरडा दाणा एकदम पोटात गेला, पाण्याने फुगला व आंबून वायू धरू लागला, म्हणजे त्यास वाट उरत नाही. जठर ताणत जाते, आणि अखेर फाटते. ते फाटले की ताण नाहीसा होतो व वेदना एकदम थांबते. पहाटे तीन वाजता आम्ही ज्यास उतार समजलो, तो शेवट होता. आम्ही देवास हात जोडिले ते ती मरणाच्या दारात उभी राहिल्याबद्दल! हे ऐकून आम्हांस जे वाटले ते लिहिण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणे जपून होते. ते म्हणाले, "नाना, दुपारी मका खाल्ल्याचे कळताच बोलाविले असते तर नाकातून नळी घालून पोट मोकळे करून पाहता आले असते. ती वाचलीच असती असे मी म्हणत नाही. पण यत्न करण्यास वेळ होता." आमचा सहा वर्षांचा नातू जवळ उभा होता. तो मागाहून विचारू लागला, "आजोबा, तिचे पोट एवढे भरले होते तर तिने ओकून का नाही टाकले?" जो प्रश्न सहा वर्षांच्या पोरास सुचला, तो पंधरा वर्षे घोडी बाळगणाऱ्या आम्हांस एकदाही सुचला नव्हता.

शेताच्या वरच्या बांधाशी, विहिरीपासून दूर, खोल खड्डा घेऊन तीस पुरले. दुसऱ्या दिवशी पहाटे कुटुंबाने सवयीप्रमाणे पाण्याच्या दोन बादल्या भरल्या, आणि एक कोठे न्यावी हे न कळून ती अंगणातच ठेवून दिली. ती बादली सायंकाळपर्यंत तशीच होती. कोणी उचलली नाही.

यानंतर समाचारास आलेल्या मंडळींची बोलणी ऐकून आम्हांस हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली. त्या बोलण्यांचे तीन प्रकार होते. पहिला, "जनावरच होते, माणूस तर नव्हे ना!" दुसरा, "यंदा सारंगखेड्यास जा, याहून चांगली मिळेल." आणि तिसरा, "दैवात होते ते झाले." बोलणारे सर्वजण आमच्या प्रेमाचे आहेत, त्यांचा हेतू सांत्वनाचाच होता. परंतु ही तिन्ही सांत्वने आम्हांस सदोष वाटतात.

पहिल्याचा विचार करू. जनावर माणूस नव्हे हे कोणास सांगावयास हवे? पण ज्याच्याबरोबर रोज पहाट उगवली, ज्याच्या पाठीवर आपला जीव निर्धास्त सोपविला, ज्याला आपली पावले व आपला आवाज ओळखू येत असे, त्याच्या जाण्याने घरात पोकळी पडते, हा काही कल्पनेचा खेळ नव्हे. श्रावणी वा भादवी पोळ्यास आपण बैलाच्या खांद्यास हळद-तूप लावितो, त्यास पुरणपोळी खाऊ घालितो, त्याच्या पायांवर डोके ठेवितो. वर्षातून एक दिवस ज्यास देव मानावयाचे, त्याच्या मरणाचे दुःख मात्र दाराआड दडवावयाचे, यात मेळ कोठे आहे? हळदीघाटात १५७६ साली महाराणा प्रतापांचा चेतक पडला, त्याची समाधी लोक आजही दाखवितात. गौतम बुद्धांचा कंथक नावाचा घोडा धन्याच्या वियोगाने मेला अशी कथा बौद्ध ग्रंथांत जपून ठेविली आहे. राजाच्या घोड्याचा शोक इतिहास होतो आणि कुणब्याच्या घोड्याचा शोक वेडेपणा ठरतो, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

दुसऱ्या सांत्वनाविषयी. नवी घोडी आणावी की न आणावी हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि ज्याचे पोट जनावराच्या श्रमावर चालते त्याने तो लवकर सोडविलाच पाहिजे. त्यात कसलाही निष्ठुरपणा नाही. परंतु बदली जनावर म्हणजे दुःखाची भरपाई, ही समजूत चुकीची होय. शिवाय पहिले कशाने मेले हे न शोधता दुसरे आणणारा मनुष्य त्याच खुंट्यास त्याच दाव्याने दुसऱ्यासही बांधितो, आणि मका त्याच अंगणात वाळत पडतो.

आणि तिसरे सांत्वन तर सर्वांत घातक आहे. दैवाचे नाव घेतले की मनुष्याचा दोष झाकला जातो, आणि दोषाबरोबर ज्ञानही झाकले जाते. आपले पूर्वज दैववादी होते असे म्हणण्याची आपणांस सवय आहे. पण घोड्याच्या रोगांविषयी त्यांनी दैवावर भिस्त ठेविलेली दिसत नाही. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाची फार जुनी परंपरा चालत आली. नकुलाच्या नावावर 'अश्वचिकित्सित' हा ग्रंथ आहे. हिंदुस्थानीत घोड्याच्या वैद्यास सालोतरी म्हणतात तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. अर्वाचीन काळचे उदाहरण घ्यावयाचे तर १८८० सालचे घ्यावे. पंजाबात डेरा इस्माईल खान येथे सरा नावाच्या रोगाने घोडे व उंट मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो त्यात वळवळणारे सूक्ष्म जंतू आढळले. चावणाऱ्या मोठ्या माशा तो रोग एका जनावरापासून दुसऱ्यास देतात हेही पुढे सिद्ध झाले. मेलेल्या व मरणाऱ्या जनावरांकडे कोणीतरी 'हे का झाले?' असे विचारीत पाहिले, म्हणूनच पुढच्या जनावरांवर उपचाराची वाट सापडली.

येथे आम्हांस आमच्या नोकरीतील एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा मृत जनावरांचे पंचनामे होत होते. राज्य सरकारने त्या वेळी गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० व वासरास १६,००० अशी मदत ठरविली होती, आणि त्याचे कागद आमच्या हातून जात असत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल गेला होता. सही करताना तो म्हणाला, "भाऊसाहेब, बैलाचे नाव लिहा." आम्ही उत्तर दिले, "बाबा, नावाचा रकाना नाही." उत्तर नियमास धरून होते. शेऱ्याचा रकाना रिकामा होता, त्यात एक शब्द लिहिता आला असता. पण तेव्हा ते सुचले नाही. म्हाताऱ्याने अंगठा केला व तो गेला.

सरकारी नियमांस आम्ही दोष देत नाही. नियम हे नुकसान मोजण्यासाठी असतात, दुःख मोजण्यासाठी नव्हेत. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्र सरकारने नैसर्गिक आपत्तीतील मदतीचे जे निकष ठरविले, त्यांत दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या बैलास वा घोड्यास ३२,००० रुपये असे आकडे होते. म्हणजे आमची तापी पुरात वाहून गेली असती तर तिची किंमत ठरली असती. पोटशूळाने गेली म्हणून कोणत्याच यादीत आली नाही. याची आम्हांस तक्रार नाही. मात्र ज्या गोष्टीस सरकारी कागदात रकाना नाही तिला आपल्या मनातही जागा नसावी, असा जो समज नकळत आपल्या अंगी मुरतो, त्याची तक्रार जरूर आहे. आमच्या अंगी तो तीस वर्षांहून अधिक काळ मुरला होता.

तापी गेल्यावर महिन्याभराने आम्ही त्या म्हाताऱ्याच्या गावी गेलो. त्याने आम्हांस ओळखिले. बैलाचे नाव विचारिले तेव्हा तो काही वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "सोन्या." त्यानंतर अर्धा तास तो सोन्याविषयीच बोलत होता. बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली, ती पंचनाम्यात कोठेच नव्हती. सोन्याच्या मानेवर गाठी आलेल्या त्याने तीन दिवस आधीच पाहिल्या होत्या. पण गावात बोभाटा होईल, लोक आपल्या गोठ्याकडे बोट दाखवितील, या भयाने त्याने कोणास सांगितले नाही. त्याच तीन दिवसांत सोन्या इतर गुरांबरोबर पाण्यावर जात होता. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडांमुळे पसरतो हे आता सर्वांस ठाऊक आहे. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो." आम्हीही मग त्यास मक्याची, तेलाची व न केलेल्या दूरध्वनीची गोष्ट सांगितली. दोघांचेही मन काहीसे हलके झाले.

परत येताना आमच्या ध्यानात आले की, शोक दडविणे व चूक दडविणे या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. ज्यास रडण्याची लाज वाटते, त्यास 'माझे चुकले' असे म्हणण्याचीही लाज वाटते. आणि ज्या गावात कोणी आपली चूक सांगत नाही, त्या गावात प्रत्येक शेतकऱ्यास तीच चूक स्वतःच्या जनावराचे मोल देऊन नव्याने शिकावी लागते. म्हणून जनावर गेल्यावर शोक करावा काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, अवश्य करावा, उघडपणे करावा, आणि त्या शोकातच मरणाचे कारण शोधावे व चारचौघांस सांगावे. असा शोक दुबळेपणाचा नव्हे, उपयोगाचा आहे.

घोड्यांच्या बाबतीत तर याची गरज विशेष आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत ती सुमारे ३.४ लाखांवर आली. जनावर कमी झाले, त्याबरोबर त्याची गावोगावची जाणही कमी झाली. पूर्वी प्रत्येक गावात घोड्याचे दुखणे ओळखणारा एखादा म्हातारा असे. आता आपण घोड्यास गाईचेच औषध देतो. त्या रात्री आमच्या अंगणात जमलेल्या दहा-बारा जणांत गाई-बैलांचे उत्तम जाणकार होते; पण घोडी ही गाय नव्हे, हे सांगणारा एकही नव्हता.

सबब ज्यांच्या दारी घोडा वा तट्टू आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. दाण्याची कोठी व मळणीचा ढीग घोड्याच्या आवाक्याबाहेर असावा. चारा वा दाणा बदलावयाचा तर एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत थोडथोडा बदलावा. थंडीत घोडा गार पाणी कमी पितो व त्यानेही पोट धरिते. तेव्हा पाणी कोमट करून ठेवावे. जंताचे औषध व दातांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी करावी. घोड्याने चोरून दाणा खाल्ल्याचे कळले तर दुखणे सुरू होण्याची वाट न पाहता त्याच घटकेस डॉक्टरांस कळवावे. जमीन उकरणे, कुशीकडे पाहणे, लोळणे, घाम येणे ही पोटशूळाची चिन्हे होत. ती दिसताच पुढील चारा काढून घ्यावा. तोंडाने तेल, ताक, काढा काही एक पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचे भय असते. लोळून इजा होईल असे वाटल्यास हळूहळू चालवावा, पण दमेपर्यंत फिरवू नये. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटास साधारण २८ ते ४४ पडते. ती ६० च्या वर गेली तर प्रसंग गंभीर समजावा. आणि फार तळमळणारा घोडा एकाएकी गप्प झाला तर त्यास उतार समजून निजावयास जाऊ नये.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्या तालुक्यात ते पथक कोणत्या वेळी मिळते व एरवी कोणत्या डॉक्टरांस बोलवावयाचे, हे आजच विचारून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. रात्री डॉक्टरांस उठविण्यात संकोच धरू नये. जनावर मेल्यास कारण कळावे म्हणून शवविच्छेदनास संमती द्यावी. मात्र जनावर अकस्मात मेले व त्याच्या नाकातोंडातून वा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर काळपुळीचा संशय धरून त्यास कोणीही हात लावू नये, कापू तर मुळीच नये. तो रोग माणसासही होतो. अशा वेळी प्रथम डॉक्टरांस कळवावे व ते सांगतील तसे करावे.

शेवटी आपल्या संघास एक विनंती. संघाच्या प्रत्येक गावच्या शाखेत एक साधी वही ठेवावी. जनावर मेले म्हणजे धन्याने तीत जनावराची जात, वय, मरणाचा दिवस, दिसलेली चिन्हे, केलेले उपाय आणि डॉक्टरांनी सांगितलेले कारण लिहावे. आणि आपले काय चुकले असे त्यास वाटते, तेही लिहावे. वर्षाअखेर संघाने त्या वह्यांचा गोषवारा या मासिकात छापावा. धन्यांची नावे छापण्याचे कारण नाही. अशा वहीस खर्च एका वहीचाच आहे. सरकारी नमुन्यांत रकाने वाढविणे आपल्या हाती नसेल, पण आपल्या वहीत ते आपणांस हवे तसे आखता येतील. त्यांत पहिला रकाना जनावराच्या नावाचा असावा.

आमच्या गावापुरती अशी वही आम्ही सुरूही केली आहे. पहिल्या ओळीत तापीचे नाव लिहिले, व चुकीच्या रकान्यात तिन्ही चुका लिहिल्या; लिहिताना हात थांबला, तरी लिहिल्या. दुसरी ओळ परगावची आहे. ती नियमास धरून नाही हे आम्ही जाणतो. परंतु मालकाच्या संमतीने तेथे सोन्याची नोंद केली आहे.